दाताबद्दल काय द्यावे?

आमच्या मंडळीतील एक शिक्षिकाबाई मागील पावसाळ्यात एका सायंकाळी आमच्या घरी आल्या. सौभाग्यवतींनी चहा पुढे ठेवला. बाईंनी आधी पिशवीतून रुमाल काढला, तो हनुवटीशी धरला आणि मगच कप उचलला. माझी नजर तिकडे गेलेली त्यांच्या लक्षात आली. "भाऊ, चहा ओघळला तर मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं."

एक वर्ष सात महिन्यांपूर्वी त्यांची खालची उजवी अक्कलदाढ काढली होती. भुलीचा अंमल काही तासांत उतरावयाचा असतो. त्यांच्या उजव्या बाजूच्या ओठाचा व हनुवटीचा बधिरपणा मात्र उतरलाच नाही. वारा लागला की त्याच बधिर जागी मुंग्या येतात आणि रात्री आग होते. दाढ काढणारे दंतवैद्य आमच्याच मंडळीतले, तेथील वडिलांपैकी एक. प्रभुभोजनाच्या रविवारी प्याल्यांचे तबक त्यांच्याच हातून फिरते. बाई एकच प्रश्न घेऊन आल्या होत्या. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे, तीतले पाच महिने उरले आहेत. तर ख्रिस्ती माणसाने अशी भरपाई मागावी की मागू नये? "तुम्ही शास्त्राचं भाषांतर करता. तुम्ही सांगा."

मी सांगितले. सोडून द्या, प्रभू पाहून घेईल, मंडळीत बोलबाला नको, असे काहीसे. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "सोडून देईन हो. पण ते तर म्हणतात, काही झालंच नाही. जे झालंच नाही ते सोडू कशी?"

या प्रश्नाने माझी झोप काही दिवस उडवली. आपण पाठ केलेली उत्तरे किती स्वस्त असतात याचा बोध उतारवयात व्हावा ही काही सुखाची गोष्ट नव्हे.

प्रथम ही इजा काय असते ते पाहू, कारण नीती-अनीतीचा निवाडा वस्तुस्थिती समजल्यावाचून करू नये. खालच्या जबड्याच्या हाडात एक बारीक नळी असते. तीतून एक मज्जातंतू पुढे येतो आणि हनुवटीजवळच्या एका छिद्रातून बाहेर पडून खालच्या ओठाला व हनुवटीला स्पर्शज्ञान पुरवितो. अक्कलदाढेची मुळे कधी कधी या नळीला अगदी भिडलेली असतात, क्वचित तिला वेढूनही बसतात. दाढ हलविताना वा कापताना तंतू दबतो, ताणला जातो किंवा तुटतो. दुसरा एक तंतू दाढेच्या आतल्या अंगाने जिभेकडे जातो. त्याला धक्का लागला तर अर्धी जीभ बधिर होते आणि चवही जाते. हर्बर्ट सेडन या ब्रिटिश शल्यविशारदाने १९४३ साली मज्जातंतूंच्या इजांच्या तीन पायऱ्या सांगितल्या. तंतू नुसता दबला असेल तर काही आठवड्यांत बरा होतो. आतला धागा तुटून वेष्टन शाबूत असेल तर महिने लागतात. सगळाच तुटला असेल तर तो आपोआप बहुधा जुळत नाही. बहुतेक रुग्ण पहिल्या प्रकारातले असतात व बरे होतात. थोडे होत नाहीत.

म्हणजे इजा झाली एवढ्यावरून कोणी अपराधी ठरत नाही. दक्ष हातांनी केलेल्या कामातही तंतू दुखावू शकतो. येथे कायदा आपल्यापैकी कित्येकांच्या संतापापेक्षा अधिक न्यायी आहे. लुधियानातील एका ख्रिस्ती रुग्णालयातल्या प्रसंगावरून उद्भवलेल्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले की, परिणाम वाईट झाला म्हणजे हलगर्जीपणा झाला असे होत नाही. त्या व्यवसायातील सामान्य कुशल माणसाने जी काळजी घेतली असती ती घेतली की नाही, हे पाहावयाचे. फौजदारी गुन्हा ठरण्यासाठी तर हलगर्जीपणा अतिशय गंभीर असावा लागतो. इंग्लंडमधील १९५७ च्या बोलम खटल्याची कसोटीच न्यायालयाने येथे स्वीकारली.

मग बाईंच्या बाबतीत विचारावयाचे काय? दाढ काढण्यापूर्वी जो एक्स-रे घेतला त्यात मुळांचे टोक आणि ती नळी दिसत होती काय? दिसत नसेल तर पूर्ण जबड्याचा मोठा एक्स-रे का काढला नाही? मुळे नळीला भिडलेली दिसली तर तोंडाच्या सर्जनकडे का पाठविले नाही? अशा वेळी दाढेचा वरचा भाग तेवढा काढून मुळे जागीच ठेवण्याचीही एक मान्य पद्धत आहे. तिचा विचार झाला काय? आणि मुख्य म्हणजे, "ओठ कायमचा बधिर होऊ शकतो" हे एक वाक्य बाईंना कोणी सांगितले होते काय?

संमतीविषयी सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ साली निर्णय दिला. उपचाराचे स्वरूप, त्यातले मोठे धोके, दुसरे पर्याय ही माहिती रुग्णाला दिलीच पाहिजे. मात्र अतिशय दुर्मीळ वा केवळ तात्त्विक धोके सांगून त्याला घाबरवू नये, अशी मर्यादाही न्यायालयाने घातली. इंग्लंड-स्कॉटलंडचे सर्वोच्च न्यायालय २०१५ साली मॉंट्गोमेरी खटल्यात आणखी पुढे गेले. धोका सांगण्याजोगा आहे की नाही हे डॉक्टरच्या दृष्टीने ठरवू नये. त्या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला तो महत्त्वाचा वाटला असता काय, हे पाहावे. मला ही दुसरी दृष्टी अधिक पटते. बासरी वाजविणाऱ्याचा ओठ, वर्गात दिवसभर बोलणाऱ्या शिक्षिकेचा ओठ आणि माझ्यासारख्या दिवसभर कागदावर मान घालून बसणाऱ्याचा ओठ यांना होणारी इजा वैद्यकाच्या पुस्तकात एकच असते, आयुष्यात नसते. शंभरांत एकाला होणारी गोष्ट दुर्मीळ खरी. पण ज्याला होते त्याच्या दृष्टीने तिचे प्रमाण पूर्ण असते.

आता शास्त्राकडे वळतो, कारण बाईंनी मला त्याच नात्याने विचारले होते.

दाताच्या बदल्यात दात हा निर्गमातील नियम सूडाचा म्हणून आपण फार सहज बाजूला सारतो. वास्तविक तो सूडाला घातलेली मर्यादा आहे: दातासाठी जबडा नको आणि जीव तर नकोच. तेथील ‘तहत’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘खाली’ आणि ‘जागी’ असा दोन्ही होतो. दाताच्या जागी दात. पण गेलेल्या दाताच्या जागी दुसऱ्याचा दात पाडून ठेवता येत नाही, हे त्या काळच्या माणसालाही कळत होतेच. म्हणून त्याच एकविसाव्या अध्यायात थोडे आधी, भांडणात जखमी होऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसाविषयी जे आहे ते मला अधिक मोलाचे वाटते. मारणाऱ्याने त्याचा बुडालेला वेळ भरून द्यावा आणि त्याला पूर्ण बरे करवावे. ‘बुडालेला वेळ’ यासाठी मूळ शब्दाचा सरळ अर्थ ‘त्याचे बसणे’ असा आहे. ‘बसून राहावे लागले’ ही आपल्या खेड्यातल्या मजुराची बोली तिच्याशी किती तंतोतंत जुळते! ‘बरे करणे’ हे क्रियापद तर तेथे दोनदा, एकावर एक ठेवले आहे.

पुढे मिश्नेत, बाबा कम्मा या प्रकरणाच्या आठव्या अध्यायात, यहूदी शास्त्र्यांनी इजा करणाऱ्याचे देणे पाच भागांत मोजले: शरीराची हानी, वेदना, उपचार, बुडालेला वेळ आणि अपमान. आजचे आयोगही थोड्याफार फरकाने असेच मोजतात. हानीचा हिशेब मात्र त्यांनी कसा करावयास सांगितला? तो मनुष्य गुलामांच्या बाजारात उभा केला तर इजेपूर्वी काय किमतीला गेला असता आणि आता काय किमतीला जाईल, त्यातली तफावत! हे वाचून आपण नाक मुरडतो. पण आपली पद्धत फार निराळी आहे काय? बुडालेले उत्पन्न हाच आपल्या हिशेबाचा कणा असतो. कुणाल साहा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सहा कोटींच्या आसपास भरपाई दिली. त्यांची दिवंगत पत्नी अमेरिकेत बालमानसतज्ज्ञ होती हे त्या आकड्यामागचे एक मोठे कारण. त्या निकालाविषयी माझी तक्रार नाही. पण आमच्या बाईंचा पगार त्या बधिर ओठापायी एका रुपयानेही कमी झालेला नाही. बाजाराच्या तराजूत त्यांचे नुकसान शून्य भरेल. उरते ते वेदना आणि अपमान. मिश्नेने ‘बोशेत’ म्हणून अपमानाचा निराळा खाना ठेवला तो किती शहाणपणाने! वर्गात बोलताना लाळ ओघळावी, मागच्या बाकावरच्या मुलांनी एकमेकांकडे पाहावे आणि ते आपल्याला त्यांच्या नजरेवरून कळावे, याची पावती कोणत्या दुकानात मिळते?

त्याच अध्यायात आणखी एक नियम आहे. हम्मुराबीच्या संहितेत, म्हणजे इ. स. पूर्व १७५० च्या सुमारास, बरोबरीच्या माणसाचा दात पाडला तर पाडणाऱ्याचा दात पाडावा असे आहे. पण हलक्या दर्जाच्या माणसाचा पाडला तर चांदीचा तृतीयांश मीना देऊन सुटता येई. निर्गमात मालकाने आपल्या दासाचा वा दासीचा दात पाडला तर त्या दाताबद्दल तिला मुक्त करून पाठवावयाचे आहे. एका दाताबद्दल संपूर्ण स्वातंत्र्य! ज्याची बाजारात किंमत होते त्याच्याच दाताला तेथे सर्वांत अधिक मोल दिले आहे. (आपल्या दंडविधानानेही दाताला हलके लेखलेले नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये दात मोडणे वा निखळविणे हे ‘जबर दुखापती’त गणले होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते तसेच आहे. अर्थात हे मारहाणीविषयी, दवाखान्याविषयी नव्हे.)

हा नियम वाचताना मला आपल्या मंडळ्यांची मोफत दंतशिबिरे आठवतात आणि अस्वस्थ वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. जेथे काही रुग्ण पैसे देतात व काहींवर फुकट उपचार होतात, तेथे फुकट उपचार घेणाऱ्यालाही तक्रारीचा अधिकार मिळाला. परंतु जेथे सर्वांनाच सेवा विनामूल्य दिली जाते ते स्थान या कायद्याबाहेर राहिले. १९८६ च्या त्या कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. तरी मोफत सेवेची ही रेषा कायम आहे. तेव्हा वस्तीतल्या शिबिरात, शाळेच्या बाकावर बसवून, एक्स-रेशिवाय एखाद्या मजूर बाईची दाढ उपटली आणि तिचा ओठ कायमचा मेला, तर ग्राहक आयोगाचे दार तिच्यासाठी बंद. दिवाणी न्यायालय उरते. तिने ते पाहिलेलेही नसते. आम्ही मात्र त्या दिवशी किती दात काढले त्याचा आकडा वार्षिक अहवालात छापतो. फुकट दिले म्हणून कमी काळजीने दिलेले चालेल, असे कोणी उघड म्हणत नाही. वागतो मात्र तसेच.

आता दुसरा गाल. पर्वतावरील प्रवचनातील तो शब्द मी भाषांतरात अनेकदा हाताळला आहे. तेथे उजव्या गालाचा उल्लेख आहे. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारावयाचे तर हाताच्या पालथ्या बाजूनेच मारावे लागते, आणि तो मार इजेपेक्षा अपमानाचा असतो. मिश्नेत तर अशा पालथ्या हाताच्या चपराकीला साध्या चपराकीच्या दुप्पट दंड आहे. म्हणजे प्रभू आपला मान सोडून द्यावयास सांगत आहे, दुखापत दडपून टाकावयास नव्हे. त्यातही, तो शब्द ज्याला मार बसला त्याला उद्देशून आहे. बाईंचा गाल दुसऱ्यांदा पुढे करण्याचा अधिकार मला कोणी दिला होता? मी माझ्या खुर्चीत बसून त्यांच्या गालाचे दान करीत होतो.

आणि क्षमा? प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत मत्तयाने जो ग्रीक शब्द वापरला आहे त्याचा अर्थ देणे, ऋण असा आहे, आणि आपल्या मराठी भाषांतरात तो ‘ऋण’ म्हणूनच आला. क्षमा करणे याचे मूळ क्रियापदही सोडून देणे, मोकळे करणे असेच. आता ऋण सोडावयाचे तर ते आहे एवढे तरी दोघांनी मानले पाहिजे. सावकाराने कागद फाडला असे आपण म्हणतो तेव्हा कागद होता हे गृहीतच असते. दंतवैद्य म्हणतात कागद नाहीच. मी म्हणतो कागद फाडा. आणि मध्ये बाई रुमाल धरून बसलेल्या. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते ते यामुळे.

निर्गमाच्या पुढल्या अध्यायात भरून देण्याविषयी जे क्रियापद पुनःपुन्हा येते त्याचा धातू आणि ‘शालोम’ या शब्दाचा धातू एकच आहे. ‘शालोम’ला आपण शांती म्हणतो, मुळात तो धडपणाचा, पुरेपणाचा शब्द आहे. मराठी ‘भरपाई’तही भरणे आहेच. जक्कयाने चौपट परत करीन म्हटले तेव्हा कोणी त्याला, अरे, तुला क्षमा झाली आहे, आता पैशाचे कशाला, असे म्हटल्याचे लूकने लिहिलेले नाही.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय माझ्यासमोर अनेकांनी ठेवला. भाऊ भावावर फिर्याद करतो हे पौलाला लाजिरवाणे वाटते. अन्याय सोसून का घेत नाही, असे तो विचारतो. खरेच आहे. पण त्याच्या लगेच पुढच्या वाक्यात तो अन्याय करणाऱ्यांनाही तितक्याच कठोरपणे बोलतो, आणि तेही भावावर अन्याय करता म्हणून. माझ्या उभ्या आयुष्यात सातवे वचन दुखावलेल्याला ऐकविलेले मी अनेकदा ऐकले. आठवे वचन दुखाविणाऱ्याला ऐकविलेले क्वचित. शिवाय पौलाची अपेक्षा अशी की मंडळीतच निवाडा करणारा कोणी शहाणा असावा. आमच्या पंचांमध्ये एक्स-रे वाचणारा एकच गृहस्थ आहे, आणि तो स्वतः प्रतिवादी! पौलानेही वेळ आली तेव्हा कैसराकडे दाद मागितली, आणि फिलिप्पै येथे अधिकाऱ्यांनी गुपचूप सुटका करू पाहिली तेव्हा त्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे असा आग्रह धरला. पैसे मागितले नाहीत, हे खरे. पण झाले ते झाकू दिले नाही.

झाकण्याची किंमत या इजेत विशेष मोठी आहे. दबलेल्या तंतूवरचा दाब काढावयाचा वा तुटलेला जोडावयाचा तर पहिल्या काही महिन्यांत यशाची आशा अधिक असते. पुढे ती घटत जाते. बाईंना पहिले वर्षभर "येईल, वेळ लागतो" एवढेच ऐकावयास मिळाले. बहुतेकांचा बधिरपणा जातो म्हणून हे वाक्य पहिल्या महिन्यात खोटे नव्हते. आठव्या महिन्यात ते काय होते?

शेवटी आमचे पाळक, मी आणि बाई असे तिघे त्या दंतवैद्यांकडे गेलो. येथे त्यांच्याविषयीही न्यायाने लिहिले पाहिजे. त्यांनी तीस वर्षांत हजारो दात काढले आहेत, कित्येक गरिबांचे पैसे न घेता. आम्हांला पाहून त्यांचा चेहरा उतरला. विमा कंपनीची अट असते, चूक कबूल करू नका. आणि एका व्यवसायबंधूने त्यांना सांगितले होते, बाईंशी शक्य तितके कमी बोला. दावे वाढले तसे दंतवैद्य अधिक सावध झाले, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. आता लहान गावांत अवघड दाढेला हात लावावयास कोणी धजत नाही, रुग्णाला शहरात जावे लागते, आणि खर्च त्याच्याच माथी बसतो. भीतीपोटी घेतलेली काळजी ही प्रीतीपोटी घेतलेल्या काळजीसारखी नसते. पण काळजी न घेण्यापेक्षा ती मला बरी वाटते.

त्यांनी फाईल उघडली. एक्स-रेची बोटभर फिल्म उजेडासमोर धरली. मुळांची टोके तीत आलीच नव्हती. संमतिपत्रावर बाईंची सही होती. वर छापील इंग्रजीत सगळ्या धोक्यांसाठी मिळून एक ओळ. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग बाईच म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही मला आधी सांगितलं होतं का?" ते म्हणाले, "नाही सांगितलं, ताई." एवढेच. त्यांनी क्षमा मागितली नाही, बाईंनीही मागून घेतली नाही. परंतु परतताना रिक्षात त्या म्हणाल्या की, दीड वर्षात आज पहिल्यांदा कोणीतरी मला खरं सांगितलं.

मुदत संपण्यास सहा आठवडे असताना त्यांनी जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असली की शुल्क लागत नाही. दाढेचे तर काही हजारच झाले होते. मागितलेली रक्कम मला ठाऊक आहे. ती फार नाही. तीत एक आकडा मोठ्या शहरातील तज्ज्ञाकडून तपासणी व उपचारासाठी आहे, आणि एक, अर्जाच्या भाषेत, ‘मानसिक त्रासापोटी’. मी त्यांना अर्जाच्या मसुद्यात मदत केली. मंडळीतील काहींना ते आवडलेले नाही आणि दोघे-तिघे माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

मागल्या महिन्यात प्रभुभोजन होते. तबक घेऊन तेच दंतवैद्य आमच्या रांगेत आले. बाईंनी प्याला उचलला, डाव्या बाजूने, जेथे त्यांना कळते तेथे ओठाला लावला, आणि उजव्या हाताने रुमाल धरला. ते तबक घेऊन थांबले होते, त्यांचे पिऊन होईपर्यंत. प्रकरणाची पुढली तारीख नाताळानंतरची आहे.